मोटारघराच्या टपावर सोलर प्लेट स्वतः बसविण्याची रीत

मळणीयंत्र घेऊन गांवोगांव फिरणारे, फुलोऱ्यामागून मधपेट्या हलविणारे, आणि द्राक्षें अथवा आंबे घेऊन परगांवच्या बाजारांत चार-चार दिवस मुक्काम करणारे आमच्या संघाचे सभासद आतां थोडे राहिले नाहींत. यांपैकीं कित्येकांनीं गाडीच्या मागील भागांत निजण्या-बसण्याची खोली करून घेतली आहे. पाश्चात्य देशांत असल्या मोटारघरांतून लोक बहुधा हौसेनें प्रवास करितात. आमच्याकडे तिचा उपयोग मुख्यतः पोटापाण्यासाठीं होतो, यद्यपि कुटुंबासह तीर्थयात्रेस अशी गाडी घेऊन निघणारेहि अलीकडे दिसूं लागले आहेत. दोघांचीहि अडचण एकच, आणि ती विजेची. दोन दिवे व एक पंखा यांसाठीं रात्रभर इंजिन चालू ठेवणें म्हणजे डिझेल जाळून उजेड करणें होय, आणि ज्याच्या बांधावर उतरलों त्याच्या मळ्यांतून वायर ओढून आणणें हें धोक्याचें असून संकोचाचेंहि आहे. सबब टपावर सोलर प्लेट बसवावी काय, व ती स्वतः बसवितां येईल काय, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. दोन्ही प्रश्नांचें उत्तर होय असेंच आहे. परंतु लोक ज्या क्रमानें या कामास लागतात तो क्रम उलटा आहे, आणि तोच आम्हांस येथें सरळ करावयाचा आहे.

सोलर प्लेट ही आतां नवलाची वस्तु राहिली नाहीं. सिलिकॉनपासून केलेला व्यवहारोपयोगी सौर घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं प्रथम दाखविला. तेव्हां तो आपणांवर पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांपैकीं सुमारें सहा भागांचीच वीज करी. आज बाजारांत मिळणारी साधी प्लेट वीस भागांच्या आसपास करते. विहिरीवरील सौर पंपामुळें तिची ओळख खेडोपाडीं झालेली आहे. तथापि विहिरीवरची प्लेट आणि गाडीच्या टपावरची प्लेट यांत मोठें अंतर आहे. विहिरीवरची प्लेट उन्हाकडे तोंड करून एका जागीं उभी असते. ऊन असेल तेव्हां पंप चालतो, नसेल तेव्हां थांबतो, आणि तिच्याखालीं कोणी निजत नाहीं. गाडीवरची प्लेट आडवी पडलेली असते, हादरे व वारा खाते, आणि दुपारीं नेमकी झाडाच्या सावलींत उभी राहते. तिची वीज दिवसां मिळते आणि लागते रात्रीं, म्हणून मध्यें बॅटरी येते. आणि त्या बॅटरीपासून हातभर अंतरावर माणसें झोपतात. ही शेवटची गोष्ट ज्याच्या ध्यानांत राहिली त्याच्या हातून पुढील काम बहुधा नीट होतें.

आम्हीं आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत काढली. पीकपाहणी, पैसेवारी व वसुलीचीं कोष्टकें यांतच आयुष्य गेल्यामुळें असेल, परंतु या विषयाकडेहि आम्ही जमाखर्चाच्या दृष्टीनेंच पाहतों. ऊन ही जमा, दिवे-पंखे हा खर्च, आणि बॅटरी ही शिल्लक. दुकानांत जाऊन आधीं प्लेट घेणारा मनुष्य खर्चाचा अंदाज न करितां कर्ज काढणाऱ्यासारखा होय. प्रथम कागद घ्यावा व खर्चाची बाजू लिहावी.

खर्च वॅट-तासांत मोजतात. दहा वॅटांचा दिवा एक तास जळला म्हणजे दहा वॅट-तास झाले. असे एक हजार झाले म्हणजे घरच्या वीजबिलावरील एक युनिट. आमच्या भाच्यानें मळणीयंत्राबरोबर फिरण्यासाठीं गाडी केली, तिचा जो खर्च आम्हीं मांडला तो येथें नमुन्यादाखल देतों. पांच वॅटांचे तीन दिवे रोज पांच तास, हे पंचाहत्तर. पंधरा वॅटांचे, बारा व्होल्टांवर चालणारे दोन पंखे आठ तास, हे दोनशें चाळीस. चार मोबाईल, प्रत्येकीं पंधरा, हे साठ. टांकींतून पाणी चढविणारा चाळीस वॅटांचा लहान पंप दिवसाकांठीं पाव तास, हे दहा. एकूण बेरीज ३८५ वॅट-तास. चार माणसांच्या गाडीस इतकें पुरतें, आणि ही बेरीज पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटतें, कारण त्यांच्या कल्पनेंत गरज याच्या पांचपट असते.

आतां यांत बारा व्होल्टांवर चालणारें लहानसें शीतकपाट घातलें, तर तें चालू असतांना सुमारें पंचेचाळीस वॅट घेतें आणि उन्हाळ्यांत चोवीस तासांपैकीं दहा तास तरी चालतें. म्हणजे एकट्यानें साडेचारशें. बेरीज ८३५ वर गेली. दूध, औषधें किंवा जनावरांच्या लसी बाळगणाऱ्यास तें अवश्य असेल, केवळ थंड पाण्यासाठीं मात्र मातीचा माठ पुष्कळ आहे. विजेच्या शेगडीचा विचारच करूं नये. दीड हजार वॅटांची शेगडी एक तास चालली कीं वरील चौघांचा चार दिवसांचा खर्च एका स्वयंपाकांत संपला. स्वयंपाक गॅसवर करावा, व तोहि दार-खिडकी उघडी ठेवून. खोली थंड करणाऱ्या यंत्राचीहि हीच गोष्ट; टपावर जेवढी जागा असते तेवढ्या जागेंतील प्लेटांनीं तें रात्रभर चालविणें साध्य नाहीं.

खर्च ठरला म्हणजे जमेकडे वळावें. प्लेटीवर २०० वॅट छापलेलें असतें तें प्रयोगशाळेंतील भर उन्हाचें व पंचवीस अंश उष्णतेचें माप आहे. ऊन सकाळीं कोंवळें, दुपारीं कडक, सायंकाळीं पुन्हां कोंवळें. त्या सर्वांची मिळून भर उन्हाच्या तासांत बेरीज केली, तर देशावर आडव्या प्लेटीस चैत्र-वैशाखांत सहा तासांहून अधिक, मार्गशीर्ष-पौषांत साडेचार ते पांच, आणि आषाढ-श्रावणांत तीन ते चार तास मिळतात. कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत यांहूनहि कमी. शिवाय धूळ, उष्णता, वायर व बॅटरी यांत मिळून तीस टक्के तरी गळती धरावी. म्हणून २०० वॅटांची प्लेट थंडीच्या दिवसांत २०० गुणिलें साडेचार, त्याचे सत्तर टक्के, म्हणजे सुमारें ६३० वॅट-तास देते. झडीच्या दिवसांत तीनच तास धरले तर ४२०. आमच्या भाच्याच्या ३८५ च्या खर्चास ती बाराहि महिने पुरी पडते. शीतकपाट असेल तर ४०० वॅट लावाव्या लागतील. पिकाची पैसेवारी ज्याप्रमाणें चांगल्या वर्षावरून ठरवीत नाहींत, त्याप्रमाणें प्लेटीचें मापहि वैशाखावरून ठरवूं नये. ज्यांचें काम केवळ रब्बीच्या मळणीपुरतें आहे त्यांनीं थंडीचा आंकडा धरला तरी चालेल.

येथें एक गोष्ट सहज सांगण्यासारखी आहे. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस भर दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या सुमारास आडवी प्लेट हीच योग्य प्लेट होय. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दुपारींहि क्षितिजावर अठ्ठेचाळीस अंशच वर येतो, व आडव्या प्लेटीचें चौथाईच्या आसपास नुकसान होतें. तें भरून काढण्यासाठीं प्लेट एका कडेनें उचलण्याची युक्ति कांहीं लोक करितात. आमचें मत असें कीं एका जागीं महिना-पंधरा दिवस राहणाऱ्यानें ती करावी. रोज गांव बदलणाऱ्यानें करूं नये, कारण उचललेली प्लेट खालीं करावयास विसरून गाडी हांकणारा मनुष्य एक ना एक दिवस भेटतोच.

शिल्लक, म्हणजे बॅटरी, किती असावी? दोन दिवस ऊन पडलें नाहीं तरी दिवे विझूं नयेत, हा हिशेब धरावा. म्हणजे वरील गाडीस ७७० वॅट-तास हातीं हवेत. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती केली कीं तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, म्हणून तिचें माप दुप्पट, १५४० वॅट-तास, म्हणजे बारा व्होल्टांवर सुमारें १३० अँपिअर-तास. बाजारांत १५० ची मिळते. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरतां येते, सबब १०० अँपिअर-तासांची पुरते. पहिलीचें वजन पन्नास किलोंच्या वर, दुसरीचें बारा किलोंच्या आसपास. पहिली स्वस्त व ओळखीची, दुसरी महाग परंतु टिकाऊ. गाडीचें वजन, खाचखळगे आणि बॅटरी उतरवून चढविण्याचे कष्ट पाहतां ज्यास झेपेल त्यानें लिथियमची घ्यावी असें आम्ही म्हणूं. मात्र लिथियमच्या अनेक जाती आहेत, आणि झोपण्याच्या खोलींत लोह-फॉस्फेटखेरीज दुसरी जात आणूं नये. जुन्या विजेच्या दुचाकींतून काढलेले घट जोडून स्वस्तांत बॅटरी करून देणारे कारागीर तालुक्यास बसूं लागले आहेत; त्यांच्या कौशल्याविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं, परंतु ती बॅटरी मुलांच्या उशाखालीं नसावी. शिशाची बॅटरी घेतली तर ती भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो, तो ठिणगीनें पेट घेतो. म्हणून ती बंद पेटींत ठेवून त्या पेटीच्या वरच्या अंगास बाहेर जाणारी नळी काढावी. बॅटरी कोणत्याहि जातीची असो, ती लोखंडी पट्टीनें तळाशीं आंवळलेली असावी. गाडी एकदम थांबली असतां पन्नास किलोंची सुटी बॅटरी काय करील याची कल्पना प्रत्येकास करतां येईल.

प्लेट व बॅटरी यांच्यामध्यें कंट्रोलर असतो. प्लेटीकडून बारा व्होल्टांच्या बॅटरीस अठरा-वीस व्होल्ट थेट मिळाले तर बॅटरी करपते. तो ओघ बेतानें सोडणें हें त्याचें काम. त्याच्या दोन जाती आहेत. साधा कंट्रोलर, ज्यास दुकानांत पीडब्ल्यूएम म्हणतात, तो प्लेटीचा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत खालीं ओढतो व वरचा भाग वायां घालवितो. दुसरा, एमपीपीटी नांवाचा, अधिकचा दाब घेऊन त्याच्या मोबदल्यांत प्रवाह वाढवून देतो. जणूं मोठ्या नोटेचे सुटे करून पुरे हातावर ठेवतो. आतां कोणता घ्यावा? बारा व्होल्टांच्या कामासाठीं केलेली, छत्तीस घटांची प्लेट असेल तर आमच्या उन्हांत दोहोंत फारसें अंतर पडत नाहीं, कारण तापलेल्या प्लेटीचा दाब मुळांतच उतरलेला असतो. सहावा-सातवा हिस्सा जातो इतकेंच. परंतु घरावरच्या किंवा पंपाच्या मोठ्या प्लेटी स्वस्त पडतात म्हणून कोणी पांचशें चाळीस वॅटांची, एकेचाळीस व्होल्टांची प्लेट आणून तिला साधा कंट्रोलर लावला, तर तेरा अँपिअर गुणिलें तेरा व्होल्ट, म्हणजे जेमतेम पावणेदोनशें वॅट पदरांत पडतात. दोन तृतीयांशांहून अधिक उत्पन्न जागच्या जागीं बुडालें. तेथें एमपीपीटीच पाहिजे, आणि प्लेटीच्या मागील कागदावर उघड्या दाबाचा जो आंकडा असतो, तो कंट्रोलरच्या मर्यादेच्या बराच आंत असावा लागतो. थंडीच्या पहांटे हा दाब छापील आंकड्याच्याहि वर जातो, हें ध्यानांत ठेवावें.

बाजारांतील एका लबाडीची सूचना येथें देणें अवश्य वाटतें. एका दुकानदारानें आमच्या भाच्यास एमपीपीटी असें ठळक अक्षरांत छापलेला कंट्रोलर दिला. किंमत संशय येण्याइतकी कमी होती. परीक्षा सोपी आहे. सरळ प्रवाह मोजणारें क्लॅम्प मीटर घ्यावें, बॅटरी अर्धी रिती असतांना भर दुपारीं प्लेटीकडून कंट्रोलरकडे येणाऱ्या वायरवर प्रवाह मोजावा, नंतर कंट्रोलरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवर मोजावा. प्लेटीचा दाब बॅटरीच्या दाबाहून पुष्कळ अधिक असतां खऱ्या एमपीपीटींत दुसरा आंकडा पहिल्याहून स्पष्टपणें मोठा येतो. दोन्ही आंकडे सारखे आले तर अक्षरें कांहींहि असोत, आंतील यंत्र साधेंच आहे. आमच्या येथें ते सारखे आले, व वस्तु परत गेली. क्लॅम्प मीटर संघांत एक घेऊन ठेवलें तर दहा सभासदांचें काम भागेल.

यापुढचा भाग वायर व फ्यूज यांचा. लोक याच ठिकाणीं कंटाळा करितात, आणि अपघात होतात तेहि याच ठिकाणीं. बारा व्होल्टांचा झटका बसत नाहीं म्हणून ती वीज निरुपद्रवी, असा एक समज आहे. तो अत्यंत घातक आहे. झटका दाबानें बसतो, आग प्रवाहानें लागते, आणि बॅटरीच्या दोन टोकांस लोखंडी पाना चुकून टेकला तर तिच्यांतून शेंकडों अँपिअर वाहतात. दोन वर्षांपूर्वीं आमच्याच तालुक्यांतील एका सभासदाच्या गाडींत बॅटरीपासून निघालेली वायर टपाच्या पत्र्यांतील कच्च्या भोंकांतून ओढलेली होती. खडीच्या रस्त्यावरील हादऱ्यांनीं पत्र्याच्या धारेनें तिचें रबर कांतत गेलें, आणि एका रात्रीं तांबें पत्र्यास लागलें. मध्यें फ्यूज नव्हता. वायर तापून लाल झाली व शेजारच्या वाकळेनें पेट घेतला. आंत निजलेले दोघे मजूर धुरानें जागे झाले, दार लाथेनें उघडून बाहेर पडले, व वांचले. गाडीची खोली जळाली. पंधरा-वीस रुपयांच्या फ्यूजनें हें सर्व टळलें असतें.

म्हणून नियम असा कीं बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या प्रत्येक वायरीस टोकापासून एका वितीच्या आंत फ्यूज हवा. वितीच्या पुढें ठेवला तर त्या मधल्या तुकड्यास संरक्षण राहिलें नाहीं. फ्यूज दिव्या-पंख्याच्या मापाचा नव्हे, वायरीच्या मापाचा असावा, कारण त्यानें वांचवावयाचें आहे तें वायरीस. बॅटरी ते कंट्रोलर ही वायर आखूड, सहा चौरस मिलिमीटर तांब्याची, व तिला तीस अँपिअरांचा फ्यूज. दिव्यांच्या दीड मिलिमीटरच्या वायरींस दहा अँपिअरांचा. २३० व्होल्टांसाठीं इन्व्हर्टर बसवावयाचाच असेल, तर एक हजार वॅटांचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरींतून नव्वद अँपिअर ओढतो हें लक्षांत घेऊन पंचवीस मिलिमीटरची जाड वायर व सव्वाशें अँपिअरांचा स्वतंत्र फ्यूज घालावा. परंतु दिवे, पंखे व मोबाईल हे सर्व बारा व्होल्टांवर चालत असतां इन्व्हर्टर कशाला, हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा. घरांतील फळीवरचा साधा एमसीबी काढून येथें लावूं नये. घरची वीज सेकंदास शंभर वेळां शून्यावर येते, त्यामुळें एमसीबी उघडतांना होणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची व प्लेटीची वीज कधींच शून्यावर येत नाहीं, आणि ती ठिणगी आंतल्या आंत जळत राहूं शकते. सरळ प्रवाहासाठीं केलेला वेगळा मिळतो, तोच घ्यावा.

प्लेटीपासून कंट्रोलरपर्यंत येणारी वायर उन्हांत टिकणारी, सौर कामाचीच, चार चौरस मिलिमीटरची असावी. २०० वॅटांची बारा व्होल्टी प्लेट अकरा अँपिअर देते. जाऊन-येऊन दहा मीटर वायर धरली तर चार मिलिमीटरींत अर्धा व्होल्ट खर्ची पडतो; तीच दीड मिलिमीटरची घातली तर सव्वा व्होल्टाहून अधिक. म्हणजे वायरींत पैसे वांचविले, व त्या बदल्यांत चौदा भागांपैकीं एक भाग वीज रोज, कायमची, वायर तापविण्यांत घातली. वायर जेथें जेथें पत्र्यांतून जाईल तेथें रबरी वळें घालावें, आणि हातभर अंतरावर ती चापानें पत्र्यास धरून ठेवावी, म्हणजे ती हलणार नाहीं. टोकांस लग दाबूनच बसवावेत. नुसती पिळून टेपानें गुंडाळलेली जोड धांवत्या गाडींत सैल होते, व सैल जोड तापते.

आतां टपावर चढावें. २०० वॅटांची प्लेट एक चौरस मीटरच्या आसपास असते. ताशीं ऐंशी किलोमीटरच्या वेगानें समोरून येणारा वारा एका चौरस मीटरवर सुमारें तीस किलोंचा दाब देतो. त्यांत समोरून येणाऱ्या मालमोटारीचा झोत आला म्हणजे प्लेट उपटली जाण्याचा संभव किती हें उघड आहे. म्हणून केवळ चिकटपट्टीवर किंवा गोंदावर कोणी विसंबूं नये. अ‍ॅल्युमिनियमचे कोन घेऊन ते टपाच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे पत्र्याखालीं जेथें सांगाडा आहे तेथें, स्टेनलेसच्या बोल्टांनीं आंवळावेत. खालून रुंद वॉशर अथवा पट्टी द्यावी, आणि नट नायलॉनची कडी असलेली घ्यावी, नाहींतर ती हादऱ्यानें सुटते. बोल्टाच्या भोंकांत व कोनाखालीं पॉलियुरेथेनचें सीलंट भरावें. मोटारीच्या कांचा याच जातीच्या सीलंटनें बसवितात. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारें सिलिकोन वापरूं नये, त्यांतील आम्लानें पत्रा व अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खातात. भोंक पाडल्यावर पत्र्याचा कीस त्याच दिवशीं झाडून काढावा; राहिला तर पहिल्या पावसांत टपभर गंजाचे डाग.

प्लेट टपास चिकटून नसावी. दोन-तीन बोटें पोकळी ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो. उन्हाळ्यांत प्लेट साठ अंशांच्या पुढें तापते, आणि पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागें शेंकडा एक तृतीयांशाहून थोडी अधिक वीज कमी होते. पस्तीस अंश वाढले कीं आठवा हिस्सा गेला. वांकणाऱ्या पातळ प्लेटी टपास चिकटवितात, त्या दिसावयास नीटस व वजनास हलक्या खऱ्या, परंतु त्यांस ही पोकळी मिळत नाहीं, आणि आमच्या उन्हांत त्या लवकर निकामी होतात. आम्ही त्या घेण्याचा सल्ला देत नाहीं. पोकळीचा दुसरा फायदा खोलींत निजणारांस समजतो. प्लेटीच्या सावलीमुळें टपाचा तेवढा भाग दुपारीं तापत नाहीं.

दोन प्लेटी असतील तर त्या एकामागें एक जोडाव्यात कीं शेजारीं शेजारीं? एकामागें एक जोडल्यास दाब वाढतो, प्रवाह कमी राहतो व वायर बारीक चालते. परंतु एकीवर सावली आली कीं दुसरीच्याहि उत्पन्नास अडथळा येतो. प्लेटींतील घट एकाच सांखळींत ओंवलेले असतात, आणि हातभर फांदीची किंवा टपावर बांधलेल्या एका गांठोड्याची सावलीसुद्धां पुष्कळ वीज अडविते. बांधावर, झाडांजवळ उतरणाऱ्या गाडीस दोन्ही प्लेटींचीं धन टोकें धनास व ऋण टोकें ऋणास मिळवून केलेली जोडणीच बरी. मग टपावर ताडपत्री, शिडी, गवताचा भारा हे जे पदार्थ आपण चढवितों, त्यांस जागा उत्तरेच्या कीं दक्षिणेच्या बाजूस, हा विचार राहत नाहीं, कारण गाडी रोज निराळ्या दिशेस उभी असते. ते प्लेटीच्या उंचीच्या वर जाणार नाहींत इतकें पाहिलें म्हणजे झालें.

जोडणीचा क्रम ठरलेला आहे. प्लेटीवर ऊन पडलें कीं ती जिवंत असते, तिला बंद करण्याचें बटण नाहीं. म्हणून काम चालू असतांना तिच्यावर घोंगडी पसरावी. प्रथम बॅटरी कंट्रोलरास जोडावी, म्हणजे तो आपला दाब ओळखतो. त्यावर बॅटरीची जात निवडावी, कारण शिशाचें व लिथियमचें भरणें सारखें नाहीं. मागाहून प्लेट जोडावी, व सर्वांत शेवटीं घोंगडी काढावी. उतरवितांना आधीं प्लेट, मग बॅटरी. प्रत्येक जोडणीपूर्वीं मीटरनें धन-ऋण तपासावें. वायरीच्या रंगावर भरंवसा टाकूं नये, विशेषतः ती वायर दुसऱ्यानें टाकलेली असेल तर. गाडी चालविण्याची मूळ बॅटरी या सर्वांपासून वेगळी ठेवावी, म्हणजे रात्रीं पंखे कितीहि चालले तरी सकाळीं इंजिन लागेल.

कायद्याची बाजू आम्हांस सोडतां येत नाहीं. संवयच तशी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील व कारखानदारानें मूळ ठरविलेल्या बाबींशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास गाडींत करतां येत नाहीं. मालवाहू गाडीची खोली करणें ही या कलमाखालीं येणारी उघड बाब आहे, व तिच्यासाठीं प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी आधीं हवी. टपावरच्या प्लेटीनें गाडीची उंची व वजन वाढतें. सबब प्लेट, बॅटरी व कोन यांचें वजन, बसविल्यानंतरची उंची व एक आंखणी असा कागद करून लेखी विचारावें, लेखी उत्तर घ्यावें, आणि विमा कंपनीसहि त्याची प्रत द्यावी. तोंडीं "चालेल" म्हणणारा मनुष्य अपघातानंतर त्या टेबलावर नसतो. प्लेटीची कड गाडीच्या अंगाबाहेर मुळींच येऊं देऊं नये.

देखभाल थोडीच आहे. आठ-पंधरा दिवसांनीं सकाळच्या थंड वेळीं साध्या पाण्यानें प्लेट पुसावी. भर दुपारीं तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतूं नये. मळणीच्या दिवसांत भुसा इतका बसतो कीं रोज पुसणेंहि अधिक नव्हे. महिन्यांतून एकदां सर्व बोल्ट व बॅटरीचीं टोकें हातानें हलवून पाहावीं, आणि जेथें जोड कोंबट लागेल ती उघडून नव्यानें आंवळावी. शिशाची बॅटरी रात्रभर विसांवल्यावर मीटरवर १२.७ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली, १२.२ दाखवील तर निम्मी. त्याखालीं वारंवार जाऊं लागली तर खर्चाचा कागद पुन्हां काढून पाहावा, बहुधा त्यांत एखादा नवा पंखा सांपडेल. हंगाम संपून गाडी चार महिने गोठ्याच्या आडोशास उभी करावयाची असेल, तर शिशाची बॅटरी पूर्ण भरून व लिथियमची निम्मी-अधिक भरून ठेवावी, तिचा फ्यूज काढून डब्यांत घालावा, आणि तत्पूर्वीं प्लेट सुटी करून तिच्या वायरींच्या दोन्ही टोकांस टोपणें बसवावीं.